माणूस ताब्यात घेतला, तर हिशोब कोणी द्यायचा?



आपल्या बचत गटात एक नियम सगळ्यांना पाठ असतो. पेटी जिच्या घरी, हिशोब तिने द्यायचा. पेटीत रक्कम कमी भरली, तर "मला काय माहीत, गेली असेल कुठे" असं म्हणून तिची सुटका होत नाही. चोरी झाली असेल तर कशी झाली, ते तिनेच सांगायचं. आजचं बोलणं याच नियमाचं आहे. फक्त या पेटीत पैसा नाही, माणूस आहे.

सरकार माणसाला दोन ठिकाणी कोंडून ठेवतं. पोलीस पकडून ठाण्यात ठेवतात ती पोलीस कोठडी. न्यायालयाच्या हुकमाने जेलमध्ये पाठवतात ती न्यायालयीन कोठडी. शिक्षा झालेलेही जेलमध्येच असतात. दोन्ही ठिकाणी दाराची किल्ली सरकारी माणसाच्या हातात असते. आत कोणी मारलं, कोणी मेलं, तर बाहेरच्याला दिसत नाही. साक्षीदार कोण? आतले शिपाई आणि आतलेच कैदी. मग त्या जिवाचा हिशोब कोण देणार?

या प्रश्नाचं उत्तर आपल्या देशात एका आईने मिळवलं. तिचं नाव नीलाबती बेहरा. राहणारी ओडिशातली, सुंदरगढ जिल्ह्यातली. तिचा मुलगा सुमन, वय २२. महिन्याला बाराशे-पंधराशे रुपये मिळवायचा.

१ डिसेंबर १९८७ ला सकाळी आठच्या सुमारास जराईकेला चौकीच्या पोलिसांनी सुमनला घरातून उचललं. एका चोरीच्या तपासात त्याच्यावर संशय होता. चौकीत त्याला दुसऱ्या एका संशयितासोबत बेड्या घालून दोरीने बांधून ठेवलं. रात्री आठ वाजता आई जेवण घेऊन चौकीत गेली. मुलगा जेवला. आई घरी आली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला कळलं की मुलाचं प्रेत रेल्वेच्या रुळावर पडलंय. अंगभर जखमा होत्या.

पोलीस म्हणाले, "रात्री तीनच्या सुमारास तो दोरी दातांनी तोडून पळाला. आम्ही शोधलं, सापडला नाही. गाडीखाली आला असेल."

या बाईने काय केलं? तिच्याकडे वकील नव्हता, पुढारी नव्हता. १४ सप्टेंबर १९८८ ला तिने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. माझा मुलगा पोलिसांच्या ताब्यात मेला, त्याला मारून टाकलं, असं त्यात लिहिलं होतं. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानलं. राज्यघटनेच्या ३२ व्या कलमाने मूलभूत हक्कासाठी कोणालाही थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येते, ते कलम इथे कामाला आलं.

न्यायालयाने सुंदरगढच्या जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितलं. त्यांनी साक्षी घेतल्या आणि सप्टेंबर १९९१ मध्ये अहवाल दिला, की सुमन पोलिसांच्या ताब्यात असताना झालेल्या मारहाणीने मेला. सरकारने तो अहवाल मान्य केला नाही. मग सर्वोच्च न्यायालयाने पुरावा स्वतः पाहिला. न्यायाधीशांनी काय पाहिलं ते लक्ष देऊन ऐका, कारण ती आपल्या कोणाही बाईच्या डोक्यात येईल अशी साधी विचारपूस आहे. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की जखमा बोथट, टणक वस्तूच्या आहेत, लाठीच्या माराने होऊ शकतात. ताब्यातला आरोपी पळाला, तर पोलीस धावाधाव करणार, शोध घेणार. तसा शोध घेतल्याचा धड पुरावाच नव्हता. रेल्वेच्या माणसांना प्रेत सकाळीच दिसलं होतं, आणि पोलीस तिथे पोचले ते बऱ्याच उशिरा.

२४ मार्च १९९३ ला निकाल लागला. न्यायालयाने म्हटलं, की माणूस ताब्यात होता हे सगळ्यांना मान्य आहे. ताब्यात घेताना तो धडधाकट होता. मग त्याला जखमा कशा झाल्या हे सांगण्याची जबाबदारी ज्यांच्या ताब्यात तो होता त्यांची. ते सांगू शकले नाहीत. आईला दीड लाख रुपये भरपाई द्यायचा हुकूम ओडिशा सरकारला झाला. अपराध्यांवर खटला भरायचा तो वेगळा, असंही न्यायालयाने सांगितलं. म्हणजे भरपाई दिली की प्रकरण मिटलं, असं नाही.

दीड लाखात मुलगा परत येत नाही, हे मला सांगायला नको. पण या निकालाआधी सरकार म्हणू शकत होतं, की राज्य चालवताना आमच्या नोकराकडून झालेल्या चुकीला आम्ही बांधील नाही. माणसाच्या जिवाचा हक्क मोडला असेल तर ही सबब चालणार नाही, असं न्यायालयाने ठणकावून सांगितलं. गटाच्या पेटीचा नियम कोठडीला लागू झाला.

असं पत्र लिहिणारी नीलाबती पहिली नव्हती. तिच्या आधी जेलच्या भिंतीआडूनच एक पत्र बाहेर आलं होतं. दिल्लीच्या तिहार जेलमध्ये सुनील बात्रा नावाचा फाशीची शिक्षा झालेला कैदी होता. १९७९ मध्ये त्याने सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांना पत्र लिहिलं. स्वतःसाठी नाही, दुसऱ्या कैद्यासाठी. त्या कैद्याला भेटायला येणाऱ्या नातेवाइकांकडून पैसे उकळता यावेत म्हणून जेलच्या वॉर्डरने त्याच्यावर अघोरी अत्याचार केला, अशी तक्रार होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात सांगितलं, की शिक्षा झाली म्हणून माणसाचं माणूसपण जेलच्या दारात काढून ठेवलं जात नाही. न्यायालयाने शिक्षा दिली आहे ती कोंडून ठेवण्याची. त्यावर आणखी शिक्षा आपल्या मनाने देण्याचा अधिकार जेलरला नाही. जेलमध्ये तक्रारपेट्या ठेवा, न्यायाधीशांनी जेलला भेटी द्याव्यात, कैद्यांचं ऐकून घ्यावं, हे त्याच निकालात आलं.

मग आपल्या मुंबईतलं पत्र. शीला बरसे या पत्रकार बाईंनी मुंबईच्या जेलमधल्या १५ कैदी बायकांशी बोलून पाहिलं. त्यातल्या पाच जणींनी सांगितलं, की पोलीस कोठडीत आम्हाला मारहाण झाली. बरसेबाईंनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं. १९८३ मध्ये निकाल आला. बायकांसाठी वेगळ्या कोठड्या असाव्यात आणि तिथे महिला पोलीस असावी. बाईची चौकशी महिला पोलिसासमोरच व्हावी. अटक झाली की नातेवाइकाला लगेच कळवावं. दंडाधिकाऱ्यापुढे उभं केल्यावर त्यांनी स्वतः विचारावं, "पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का?" त्या वेळी आरोपीला वैद्यकीय तपासणी मागता येते, हेही त्यांनीच सांगायचं आहे.

१९८३ हे साल आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवा. १९७२ मध्ये आपल्या देसाईगंजच्या, त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या, पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, ती ओरडली नाही, असं कारण दिलं. चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. गावोगाव, शहरोशहरी बाया रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीत असा अत्याचार झाला आणि बाई म्हणाली, "माझी संमती नव्हती", तर न्यायालयाने तिचं खरं धरून चालायचं. उलट काही सिद्ध करायचं ते आरोपीने. बघा, इथेही हिशोब ताब्यात घेणाऱ्याकडेच गेला.

नीलाबतीच्या निकालानंतर, १८ डिसेंबर १९९६ ला, डी. के. बसू यांच्या खटल्यात अटकेचे नियमच घालून दिले गेले. हा खटलाही पत्रातूनच उभा राहिला होता. पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी हवी. अटकेचा पंचनामा तिथेच करायचा आणि त्यावर घरच्या किंवा गावातल्या एका तरी साक्षीदाराची सही घ्यायची. दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी करायची. २००६ पासून आणखी एक सुधारणा लागू झाली. कोठडीत मृत्यू झाला तर चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करायची. आधी हे काम महसूल खात्याच्या अधिकाऱ्याकडे असायचं. अशा मृत्यूची खबर २४ तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला द्यायची, हा नियम १९९३ पासून आहे. शवविच्छेदनाचं चित्रीकरण करा, असंही आयोगाने १९९५ मध्ये राज्यांना कळवलं.

एवढे नियम झाले, मग आता सगळं ठीक आहे का? नाही, मैत्रिणींनो. २०१७ च्या जून महिन्यात मुंबईच्या भायखळा महिला कारागृहात मंजुळा शेट्ये ही कैदी मरण पावली. तिला जन्मठेप झाली होती. वागणूक चांगली म्हणून तिच्याकडे बराकीची देखरेख दिली होती. सोबतच्या कैदी बाईने पोलिसांत तक्रार दिली, की सकाळच्या वाटपात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले, त्यावरून जेलच्या कर्मचाऱ्यांनी मंजुळाला बेदम मारलं. दोन अंडी आणि पाच पाव! बातमी कळताच आतल्या बाया गच्चीवर चढल्या, आरडाओरडा केला. त्यांच्यावर दंगलीचा गुन्हा दाखल झाला. पण त्या ओरडल्या म्हणूनच बाहेर कळलं. पुढे जेलच्या सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली, खुनाचं आरोपपत्र दाखल झालं. दोषी कोण हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे, आपण ते इथे ठरवायचं नाही. पण एक लक्षात घ्या, त्या सहाही जणी बायका होत्या. महिला पोलीस नेमली, महिला जेलर नेमली, की काम झालं असं आपल्याला वाटतं. ते पुरेसं नाही. किल्ली बाईच्या हातात असली, तरी हिशोब मागावाच लागतो.

आता एक अडचणीचा प्रश्न. गावात हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "चोराला दोन फटके दिले तर काय बिघडलं? गुन्हेगाराला कसला आलाय हक्क?" याचं उत्तर असं, की सुमन चोर आहे हे कोणी ठरवलं होतं? कोणीच नाही, नुसता संशय होता. आणि मंजुळाला तर न्यायालयाने शिक्षा दिली होती, ती ती भोगतच होती. पकडणं पोलिसांचं काम, ठरवणं न्यायालयाचं काम, सांभाळणं जेलचं काम. मारणं यांपैकी कोणाचंच काम नाही. जेलमध्ये बळ वापरायला कायदा परवानगी देतो ती पळून जाणाऱ्याला अडवायला, दंगा आवरायला, आणि तेही लागेल तेवढंच. राग काढायला नाही, पैसे उकळायला नाही, कबुली घ्यायला तर नाहीच. फटके सोसतात ते बहुतेक करून गरीबच. ज्याच्याकडे वकील आहे, ओळख आहे, त्याच्यावर हात उचलताना कोणीही विचार करतो.

काही काम अजून राहिलंय. कोठडीत जखम झाली तर ती ताब्यात घेणाऱ्या पोलिसानेच केली असं न्यायालयाला धरता यावं, अशी शिफारस विधी आयोगाने १९८५ मध्येच केली. तिचा कायदा झाला नाही. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण तो करार पुढे मंजूर केलेला नाही. २०१० मध्ये छळ रोखण्याचं विधेयक लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं ते अडकलंच.

तोवर आपल्या हातात काय आहे? गटात बोलून घ्या. कोणाचा नवरा, मुलगा, भाऊ पकडला गेला, तर लाजेने घरात बसू नका. तिला एकटीला पाठवू नका, दोघी-तिघी सोबत जा. कोणत्या ठाण्यात नेलं, कोणी नेलं, किती वाजता नेलं, हे कागदावर लिहून ठेवा. अटकेच्या कागदावर सही करण्याआधी तो वाचून घ्या. २४ तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभं केलंच पाहिजे, त्या दिवशी न्यायालयात हजर राहा. मारलं असेल तर तिथेच सांगा आणि डॉक्टरी तपासणी मागा. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. अगदीच विशेष कारण असेल तर महिला पोलीस आणि दंडाधिकाऱ्याची आधी घेतलेली परवानगी लागते. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईला आणि कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर फोन करून विचारता येतं. माणूस जेलमध्ये असेल तर मुलाखतीला जाणं सोडू नका. ज्याला भेटायला कोणी येतं, त्याच्या अंगावरचे वळ कोणाच्या तरी नजरेला पडतात.

नीलाबतीने लिहिलं ते पत्र साधं होतं. माझा मुलगा तुमच्या ताब्यात होता, तो कसा मेला, एवढंच तिला विचारायचं होतं. साडेचार वर्षांनी तिला उत्तर मिळालं, आणि तो प्रश्न विचारण्याचा हक्क तिच्यामागून आपल्या सगळ्यांना मिळाला. पुढच्या बैठकीत हा विषय काढा. आपल्या गावातून कोणी कोठडीत किंवा जेलमध्ये आहे का, त्याला शेवटचं कोणी आणि कधी भेटलं, एवढं विचारून बघा.