७ जुलै १९९९ : आकड्याचे झाले नाव

सिंदी (रेल्वे) स्थानकाच्या फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. फौजी नकाशात मात्र अनेक शिखरांना नावच नसते, असते ती फक्त उंची. मुश्कोह खोऱ्यातला ‘पॉइंट ४८७५’ असाच. मीटरचा हिशेब केला तर जवळपास तीन कळसूबाई! कारगिल युद्धात या दिवशी तिथल्या अरुंद कड्यावर १३ जम्मू-काश्मीर रायफल्सचे कॅप्टन विक्रम बत्रा हातघाईच्या लढाईत पाच शत्रुसैनिकांना मारून, जबर जखमी असतानाही हातबॉम्ब फेकत पुढे सरकले आणि तिथेच पडले. वय अवघे २४. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले, शिखराला ‘बत्रा टॉप’ हे नाव. त्यांनीच आधी जिंकलेला ‘पॉइंट ५१४०’ मात्र २०२२ पर्यंत आकडाच राहिला. तो आता तोफखान्याच्या सन्मानार्थ ‘गन हिल’.