मागची भिंत पुसट का दिसते?

आपल्या साक्रीतून सुरत-नागपूर हायवे जातो. कडेला उभं राहून धावत्या बाईकचा मोबाईलवर फोटो काढा. भर उन्हात शटर इतकं झटकन मिटतं की बाईक स्टँडवर लावल्यासारखी दिसते! म्हणून रेसचे फोटोग्राफर शटर मुद्दाम हळू ठेवतात आणि कॅमेरा बाईकसोबत फिरवतात. याला पॅनिंग म्हणतात. रायडर स्पष्ट, मागचं सगळं पुसट.

ही कला बघावी ती आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत. ब्रिटनमध्ये तेव्हा ताशी 20 मैलांची मर्यादा होती, रेससाठी रस्ते बंद करता येत नव्हते. या बेटाची संसद वेगळी. तिने 1904 मध्ये कायदा करून रस्ते दिले, आणि 1907 मध्ये तिथे मोटरसायकली धावल्या. रस्ता रोजच्या वापराचाच. दोन्ही बाजूंना घरं, खांब, दगडी भिंती. बलाफच्या पुलावर तर बाईक हवेत उडते, मग कॅमेरे तिथे दाटी करणारच.

पण फोटोत पुसट होते ती भिंत खरीच असते ना! आजवर 250 हून जास्त रायडर तिथे गेले. 1972 मध्ये पावसात जिल्बेर्तो पार्लोत्ती गेला. त्याचा मित्र जाकोमो अगोस्तिनी, 10 टीटी जिंकलेला, त्या वर्षानंतर पुन्हा तिथे शर्यतीला उतरलाच नाही. 1976 नंतर टीटी जागतिक अजिंक्यपदातून बाहेर पडली. शर्यत मात्र चालूच आहे.

मला विचाराल तर पुलावरच्या उडीपेक्षा स्टार्ट लाइनचे फोटो भारी. दहा-दहा सेकंदांनी एकेकाला सोडतात. बाईक उभी, आणि हेल्मेटच्या काचेमागे फक्त डोळे.