मराठी डीटीपी आणि मॅकवरील विंडोज : ठाणे, कल्याण-डोंबिवलीच्या मुद्रितसाहित्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१० मध्ये ठाण्यात आणि २०१७ मध्ये डोंबिवलीत भरले. अशा परिसरात स्मरणिका, कार्यअहवाल, व्याख्यानमालांची निमंत्रणे, लग्नपत्रिका यांचा ओघ अखंड असतो. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकास हे किरकोळ वाटणारे साहित्य ग्रंथांइतकेच मोलाचे असते. गेल्या सुमारे तीन दशकांत त्याची मूळ प्रत संगणकीय फाइलच्या स्वरूपात तयार होत आली आणि ती फाइल बहुधा विंडोजवरच नीट उघडते. मॅक संगणकावर केवळ विंडोजसाठी असलेले डिझाइन सॉफ्टवेअर कसे चालवावे, हा प्रश्न त्यामुळे केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही. प्रस्तुत लेखात त्याकडे दस्तऐवजांच्या जतनाचा प्रश्न म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

दोन प्रोग्रॅम, दोन वाटा

खिळे जुळविणाऱ्या कंपोझिटरची जागा ज्या प्रोग्रॅमने घेतली, तो पेजमेकर १९८५ साली प्रथम मॅकवरच अवतरला. डीटीपी ही संकल्पनाच मॅकच्या आश्रयाने वाढली. कोरलड्रॉ मात्र १९८९ साली विंडोजसाठी आले. महाराष्ट्रातील छोट्या छापखान्यांना विंडोजचे स्वस्त, गल्लीत जुळवून मिळणारे संगणक परवडले. मॅक जाहिरातसंस्था आणि मोठ्या प्रकाशनगृहांपुरता राहिला. पुढे पत्रिका आणि फ्लेक्स म्हणजे कोरलड्रॉ असे समीकरणच रूढ झाले. कोरलड्रॉची मॅकसाठीही आवृत्ती निघत असे; परंतु २००२ च्या अकराव्या आवृत्तीनंतर ती बंद पडली आणि थेट २०१९ मध्ये परतली. मधल्या सतरा वर्षांत मॅकधारकास विंडोजचा आधार घेण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पेजमेकरचे भाग्य अधिक विचित्र म्हणावे लागेल. २००१ ची सातवी आवृत्ती ही त्याची अखेरची. नव्या मॅक ओएस दहामध्ये ती ‘क्लासिक’ या जुन्या व्यवस्थेतूनच चालत असे आणि २००६ मध्ये आलेल्या इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर ही व्यवस्थाच नव्हती. मॅकवर जन्मलेला प्रोग्रॅम मॅकवर चालविण्यासाठी विंडोज आणावे लागावे, हा इतिहासाचा विनोदच होय.

मराठीची विशेष अडचण

इंग्रजी फाइलच्या बाबतीत प्रश्न प्रोग्रॅमपाशी संपत असे. मराठीच्या बाबतीत तो तेथून सुरू होई. युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये २५६ घरे असत आणि रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे अवयव बसविलेले असत. कोणता अवयव कोणत्या घरात, हे प्रत्येक निर्माता आपापल्या पद्धतीने ठरवी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि पुण्याच्याच सी-डॅकची आयएसएम ही उत्पादने मराठी छपाईत सर्वपरिचित झाली, तरी एकीचा मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्ये वाचता येत नसे. त्यात मॅक आणि विंडोज यांच्या २५६ घरांपैकी वरच्या १२८ घरांची मांडणी भिन्न होती. जोडाक्षरे आणि मात्रांचे तुकडे याच घरांत असत. साहजिकच फाइल मॅकवर नेली की साधी अक्षरे टिकत आणि जोडाक्षरे बिघडत. मुद्रितशोधकाला याहून मोठी शिक्षा नाही.

टंकलेखनाचा कळफलक चालविणारा भागही विंडोजसाठी लिहिलेला स्वतंत्र प्रोग्रॅम असे. कित्येक लिपी-सॉफ्टवेअरसोबत डोंगल मिळे. त्या काळी तो प्रिंटरच्या पोर्टला लावावा लागे आणि मॅकला तसे पोर्टच नव्हते.

पूल बांधण्याचे प्रयत्न

कनेक्टिक्स कंपनीचे ‘व्हर्च्युअल पीसी’ १९९७ मध्ये आले. इंटेल प्रोसेसरसाठीची प्रत्येक आज्ञा मॅकच्या पॉवरपीसी प्रोसेसरच्या भाषेत उलगडून देणारा हा दुभाषी होता. तो प्रामाणिक होता, पण संथ. मोठे चित्र उघडताना त्याची दमछाक होई. इंटेल मॅक आल्यावर दुभाष्याची गरज सरली. २००६ मध्येच ॲपलचे ‘बूट कॅम्प’ आणि ‘पॅरलल्स डेस्कटॉप’ उपलब्ध झाले. पहिल्यात संगणक पुन्हा सुरू करून पूर्ण विंडोजमध्ये जाता येई. दुसऱ्यात मॅकच्याच एका खिडकीत विंडोज चाले. एकाच यंत्रावर इंग्रजी काम मॅकमध्ये आणि मराठी अक्षरजुळणी विंडोजमध्ये करणे तेव्हापासून सुकर झाले. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये कोरल कंपनीने पॅरलल्सच विकत घेतली आणि काही महिन्यांतच मॅकसाठीचे कोरलड्रॉ बाजारात आणले.

हा काळ फार टिकला नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःच्या एम-वन चिपचे मॅक आणले. त्यांवर बूट कॅम्प चालत नाही. पॅरलल्समध्ये एआरएम प्रकारचे विंडोज चालते आणि ते जुने प्रोग्रॅम अनुकरणाने पेलतेही. परंतु डोंगलचे जुने ड्रायव्हर त्यात चालत नाहीत. म्हणजे चित्र काढणारा प्रोग्रॅम सुरू होईल, पण मराठी मजकूर दुरुस्त करणारे साधन कुलूपबंद राहण्याचा संभव आहे.

अभिलेखांचे भवितव्य

लिब्रेऑफिसमध्ये २०१२ पासून कोरलड्रॉची फाइल विंडोजशिवाय उघडता येते. रेषा व चित्रे बव्हंशी नीट येतात. फॉन्ट नसेल तर मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. दुसरी अडचण छापखान्यांच्या रूढीतून आली आहे. फॉन्टचा प्रश्न टाळण्यासाठी छपाईपूर्वी मजकुराचे ‘कर्व्ह’ करण्याची पद्धत आहे. अशा फाइलमध्ये अक्षरांचा आकार अबाधित राहतो, मात्र ती अक्षरे उरत नाहीत, आकृत्या होतात. स्मरणिकेतील एखाद्या देणगीदाराचे वा वक्त्याचे नाव त्यात शोधता येत नाही. ‘कर्व्ह’ केलेली आणि न केलेली अशा दोन्ही फाइली संस्थेने मागून घेतल्या असतील, तरच पुढील काम शक्य होते. व्यवहारात बहुतेकांनी फक्त छापील प्रती मोजून घेतल्या.

संस्थांच्या कपाटांतील सीडींबाबत फाइल कोणत्या प्रोग्रॅमची, या प्रश्नाआधी मजकूर कोणत्या फॉन्टमध्ये आहे, हे विचारावयास हवे. फॉन्टचे नाव ठाऊक असेल, तर परिवर्तकाच्या साह्याने तो मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो आणि मग तो मॅकवरही वाचता येतो. श्रीलिपीच्या निर्मात्यांचाच ‘श्री देवनागरी ७१४’ हा युनिकोड फॉन्ट ॲपल आपल्या संगणकांसोबत देत आली आहे. ही नोंद सीडीच्या वेष्टणावर क्वचितच असते. ती ज्यांना तोंडपाठ होती, ते डीटीपी ऑपरेटर आता निवृत्तीच्या वयास येऊ लागले आहेत.