खारी जमीन आणि मुळांचा सोबती

पश्चिम ऑस्ट्रेलियांत आगगाडीच्या एंजिनांना पाणी पुरविण्याकरितां ठिकठिकाणीं तलाव बांधलेले असत. आसपासचें रान तोडून तेथें गव्हाचीं शेतें झालीं, आणि पुढें कित्येक ठिकाणीं गोडें पाणी खारट होऊं लागलें. रेल्वेचे एक इंजिनियर डब्ल्यू. ई. वुड यांनीं १९२४ सालीं निबंध लिहून याचें कारण मांडलें. समुद्रावरून वाऱ्यापावसाबरोबर आलेलें मीठ हजारों वर्षें तेथील जमिनींत सांठत आलें होतें. खोल मुळांचीं मूळचीं झाडें पावसाचें बहुतेक पाणी पिऊन टाकीत, म्हणून तें मीठ जेथल्या तेथें निजून राही. झाडें गेलीं, पाणी खोल मुरलें, भूजल चढलें आणि त्याबरोबर मीठही वर आलें.

त्याच प्रांतांत वनखात्याचे प्रमुख एस. एल. केसेल यांना निराळेंच कोडें पडलें होतें. बाहेरून आणलेल्या पाइन वृक्षाचीं रोपें कांहीं रोपवाटिकांत खुरटून पिवळीं पडत. निकोप पाइनांच्या बुडाखालची माती थोडीशी मिसळली कीं तींच रोपें तरारून उठत. मातींतील एखाद्या सजीव घटकावाचून हें झाड वाढत नाहीं, असा निष्कर्ष त्यांनीं १९२७ सालीं प्रसिद्ध केला.

हा सजीव घटक म्हणजे मुळांवर राहणारी बुरशी होय. तिची ओळख मात्र जुनी. ट्रफल नांवाचें महागडें भूमिगत अळंबें लागवडीनें पिकवितां येईल काय, हें पाहण्याचें काम प्रशियाच्या सरकारनें बर्लिनचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रांक यांजकडे सोंपविलें. त्या शोधांत त्यांना वृक्षांच्या कोंवळ्या मुळांवर बुरशीचें वेष्टन दिसलें. १८८५ सालीं त्यांनीं या जोडीला ‘मायकोरायझा’, म्हणजे बुरशी-मूळ, असें ग्रीक नांव दिलें. ही बुरशी झाडाला पोसते, असें फ्रांक म्हणाले, तेव्हां अनेक विद्वानांना तें पटलें नाहीं. त्यांच्या मतें ती बांडगुळाचीच जात. फ्रांक यांनीं उष्णतेनें निर्जंतुक केलेल्या मातींत व जशाच्या तशा मातींत पाइनचीं रोपें वाढवून दाखविलीं. बुरशी असलेलीं सरस ठरलीं. सरकारला हवें होतें अळंबें आणि हातीं लागलें हें ज्ञान. सौदा कांहीं तोट्याचा झाला नाहीं!

आतां वुड यांच्या मिठाकडे वळूं. कैरीच्या फोडींना मीठ लावलें कीं त्यांना पाणी सुटतें, हें घरोघरीं ठाऊक आहे. खाऱ्या जमिनींत ओल असूनही मुळांना पाणी ओढणें कठीण जातें, तें याच न्यायानें. दुसरा अपाय अधिक कपटी आहे. मिठांतील सोडियम पोटॅशियमची जागा बळकावतें, आणि पानें कडेनें करपूं लागतात. बुरशीचे तंतू मुळांच्या केसांहूनही बारीक असल्यामुळें, मूळ शिरूं शकत नाहीं अशा मातीच्या फटींतून ते पाणी व स्फुरद आणतात. शिवाय या जोडीमुळें झाडाच्या अंगांत पोटॅशियमच्या मानानें सोडियम बहुधा कमी राहतें. मोबदल्यांत झाड आपल्या पानांत तयार झालेली साखर बुरशीला देतें.

समुद्रकांठच्या खाजणांतील वनस्पतींच्या मुळांतही बुरशी असते, अशी नोंद १९२८ सालींच झाली होती. पुढें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगांत, मीठ न सोसणाऱ्या पॉप्लर जातीच्या रोपांना ‘पॅक्सिलस’ नांवाच्या अळंब्याची जोड दिली, तेव्हां क्षाराच्या आघाताचीं लक्षणें सौम्य झालीं. सौम्य झालीं, नाहींशीं झालीं नाहींत, हें ध्यानांत ठेवावें. बुरशी जमिनींतलें मीठ काढून टाकीत नाहीं, आणि सगळ्याच जाती सारख्या गुणाच्याही नसतात.

खरी अडचण पुढेंच आहे. चढलेलें भूजल उतरवावयाचें तर खोल मुळांचीं झाडें पुन्हां उभीं राहिलीं पाहिजेत. पण झाडें गेलीं कीं त्यांच्या मुळांवर जगणारी बुरशीही ओसरते, आणि उरलेल्या बीजाणूंना मीठ नीट रुजूं देत नाहीं. अशा उघड्या जमिनींत एकटें लावलेलें रोप सोबत्यावांचून पडतें. म्हणून क्षार सोसणारी बुरशी रोपवाटिकेंतच मुळांवर वाढवून मग रोप जमिनींत लावण्याचे प्रयोग होत असतात.