तळटीप : केसपेपरवरील ‘एल २३.३’

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतला हा संकेतांक. त्वचेवर लावलेल्या औषधाची ॲलर्जी येऊन झालेला दाह, असा त्याचा अर्थ; निओमायसिनचे मलम हे नेहमीचे उदाहरण. ॲलर्जी नसून औषधाने नुसतीच त्वचा पोळली असेल तर एल २४.४, आणि दोहोंतले काय ते ठरलेच नसेल तर एल २५.१. पोटात घेतलेल्या गोळीने पुरळ उठले, तर गटच बदलतो : एल २७. कारणीभूत मलमाचा प्रकार वाय ५६ या जोड-संकेतांकाने नोंदवतात. तो वगळणे मला घातक वाटते. निदान कागदावर राहते, पण मलम जंतुनाशक होते की खाज शमवणारे, हे पुढच्या डॉक्टरला कळत नाही, आणि तेच पुन्हा लिहून दिले जाऊ शकते. — संपा.