आजोळची यात्रा

कोंकणस्थ कुटुंबें मुलाबाळांसह सह्याद्रि ओलांडून बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाईस, कुलदेवता योगेश्वरीच्या दर्शनास जातात. तेथें त्यांची वाडवडिलार्जित जमीन नाहीं, भाऊबंदहि नाहींत. मग हें नातें कोठलें? आख्यायिका सांगते कीं, परशुरामानें चित्पावनांसाठीं अंब्याच्या कन्या वधू म्हणून नेल्या. म्हणजे हें त्या कुळांचें आजोळच होय. आख्यायिका म्हणजे इतिहास नव्हे, हें खरें. परंतु आपल्या वंशावळींत बहुधा पुरुषांचींच नांवें असतात, आणि मातांच्या माहेराची आठवण मात्र या यात्रेनें राखली आहे. याच गांवीं यादव सेनापति खोलेश्वर याची कन्या लक्ष्मी हिनें, रणांत पडलेल्या भावाच्या स्मरणार्थ, शके ११६२ (इ. स. १२४०) मध्यें मंदिर उभारल्याचा शिलालेख आहे. शिळेवर जें नांव कोरलें गेलें, तसें घरच्या वंशावळींतहि लेकींचें नांव लिहिलें जावें.