दुपारची सौर वीज रात्री कशी वापरतात? समजून घ्या

वर्धा जिल्ह्यात रब्बीत गहू-हरभऱ्याच्या ओलितासाठी शेतकऱ्यांना अनेकदा रात्री शेतात जावं लागतं, कारण शेतीपंपांची वीज रात्रीच्या पाळीत मिळते. अंधारात सापांची भीती असते. बोर व्याघ्र प्रकल्पाजवळच्या गावांत त्यात वाघाचीही भर पडते. दिवसा वीज देण्यासाठी राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राबवली जात आहे. पण घरातले दिवे, पंखे संध्याकाळी लागतात, तेव्हा सूर्य मावळलेला असतो. मग दुपारची वीज साठवायची कशी?

वीज साठवतात म्हणजे काय करतात?

मोठ्या प्रमाणात वीज आहे तशी साठवता येत नाही. तिचं दुसऱ्या ऊर्जेत रूपांतर करावं लागतं. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी ती रासायनिक रूपात ठेवते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदोपत्री १.८ युनिट वीज मावते.

पाण्याची बॅटरी

दुसरा मार्ग म्हणजे पाणी उंचावर चढवणं. जास्तीची वीज असताना पंपाने पाणी वरच्या धरणात न्यायचं आणि मागणी वाढली की तेच पाणी टर्बाइनवर सोडायचं. अहिल्यानगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर, सह्याद्रीत २५० मेगावॅटचा घाटघर प्रकल्प असाच चालतो. तो २००८ मध्ये सुरू झाला. दोन्ही जलाशयांच्या पातळीत ४०० मीटरहून जास्त फरक आहे.

या उंचीवरून १,००० लिटर पाणी सोडलं की साधारण १ युनिट वीज मिळते. तेवढंच पाणी घराच्या गच्चीवर, १० मीटर उंच टाकीत असेल, तर त्यातल्या ऊर्जेवर ९ वॅटचा एलईडी दिवा जेमतेम ३ तास चालेल. म्हणूनच या प्रकल्पांना डोंगर आणि धरणं लागतात.

नुकसान किती?

पाणी चढवायला १०० युनिट लागले, तर परत साधारण ७५ ते ८० मिळतात. त्यामुळे वीज जास्त असतानाच साठवणं परवडतं.

शेतकऱ्याने काय करावं?

ओलितासाठी वीज साठवायची गरजच नाही. दिवसा सौर पंपाने शेततळं भरून ठेवलं, तर साठा पाण्याचा होतो आणि महागडी बॅटरी लागत नाही. साठवलेली वीज लागते ती संध्याकाळच्या घरांना.